सेव्ह केलं आणि तीन हजार ओळींवर माझं नाव आलं

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत. "असं", "केलं", "होतं" हे मुद्दाम तसंच ठेवलंय. त्यालाही एक नियम आहे, आणि तो नियम आजच्या गोष्टीत पुढे येणार आहे.

आजचा विषय ऐकायला फार छोटा वाटेल. कोड एडिटरमधलं ऑटोमॅटिक फॉरमॅटिंग बंद कसं करायचं आणि कधी करायचं. सेटिंग शोधायला दहा सेकंद लागतात. ती बंद करायची वेळ का येते, हे कळायला मला मात्र दोन महिने लागले. आणि ते कळलं ते एका शाळेच्या जुन्या रजिस्टरमुळे.

एक ओळ बदलली होती

मी राहतो बदलापूरला, नोकरी ठाण्याच्या पुढे. आमची कंपनी छोटी आहे. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ठेवी, कर्ज, व्याज, पासबुक छापणं, असलं सगळं. कोड जुना आहे. त्यातला बराचसा भाग एका सीनियरनी लिहिलेला. आम्ही त्यांना नुसतं "सर" म्हणायचो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सर गेले. त्यांच्या फायली मागे राहिल्या. टॅब वापरलेल्या, सिंगल कोटवाल्या, आणि व्याजदरांचे तक्ते अगदी रकान्याला रकाना जुळवून मांडलेल्या.

मला एक बग आला. एक अट चुकली होती, एका ओळीचं काम. नवीन लॅपटॉप होता आणि मी हौसेने एडिटरमध्ये "फॉरमॅट ऑन सेव्ह" चालू करून ठेवलं होतं. ओळ दुरुस्त केली, कंट्रोल एस दाबलं. पापणी लवायच्या आत सगळी फाईल बदलली. टॅबच्या जागी स्पेस, सिंगल कोटच्या जागी डबल, लांब ओळी तुटून खाली आल्या, तक्त्यांचे रकाने एकमेकांना चिकटले. मी खूश. फाईल कशी स्वच्छ दिसत होती! रिव्ह्यूला टाकली. बदल किती, तर तीन हजार ओळी. रिलीज दुसऱ्या दिवशी होतं. तपासणाऱ्याने वरवर स्क्रोल केलं आणि हिरवं बटण दाबलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दोन महिन्यांनी एका पतसंस्थेतून फोन. मुदत ठेवीच्या व्याजात काही रुपयांचा फरक दिसतोय, तुमचं सॉफ्टवेअर व्याज दर महिन्याला पूर्ण रुपयात का आणतं? वर्षाअखेरीस एकदाच का नाही आणत? मी कोड उघडला. खरंच, दर महिन्याला राउंड होत होतं. मला वाटलं, हा तर बग. दुरुस्त करून टाकू. पण त्या ओळीमागे हजारो खातेदारांचं व्याज होतं. ती कोणी लिहिली आणि का लिहिली, हे आधी बघायला हवं होतं. गिटमध्ये त्यासाठी एक आज्ञा आहे, गिट ब्लेम. प्रत्येक ओळ शेवटी कोणी, कधी आणि कुठल्या कमिटमध्ये बदलली, ते ती सांगते.

मी ब्लेम चालवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नाव. माझं. नोंद काय, तर "स्मॉल फिक्स".

सरांचं नाव एकाही ओळीवर उरलं नव्हतं. माणूस गेलाच होता, आता त्याने केलेल्या कामावर मी माझं नाव घालून बसलो होतो.

ही सवय आली कुठून

फॉरमॅटरला शिव्या घालायच्या आधी तो कशासाठी जन्माला आला ते बघू.

सुरुवातीला प्रोग्रामची मांडणी माणूस ठरवत नव्हता, पुठ्ठा ठरवत होता. आयबीएमचं पंच कार्ड ८० रकान्यांचं. फोरट्रान भाषेत पहिले ५ रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, ६ वा मागची ओळ पुढे चालू आहे हे दाखवायला, ७ ते ७२ मध्ये खरं वाक्य, आणि ७३ ते ८० मध्ये कार्डांचा अनुक्रम, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा. आपल्या मुंबईतही हे झालंय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. तिथे लोक कार्डांचे गठ्ठे घेऊन जायचे. एक रकाना इकडचा तिकडे झाला की प्रोग्राम परत. आज कार्ड कोणी पाहिलेलंही नाही, पण ८० हा आकडा अजून जिवंत आहे. प्रेटियर नावाच्या फॉरमॅटरची ओळ मुळात ८० अक्षरांची असते. पायथनचा अधिकृत शैलीनियम ७९ सांगतो.

मग पडदे आले, कार्डं गेली, आणि मांडणी माणसाच्या हातात आली. माणसाच्या हातात आली की भांडणं आलीच. महिरपी कंस त्याच ओळीत की खालच्या ओळीत? टॅब की स्पेस? दोन की चार? या वादांत लोकांनी आयुष्याचे किती तास घालवलेत ते मोजायला नको. म्हणून मशीनकडून मांडणी करून घ्यायची कल्पना फार जुनी आहे. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये लिस्प भाषेसाठी असे प्रोग्राम होते. बिल गॉस्पर यांचं नाव त्यात घेतलं जातं. लिस्पमध्ये कंसात कंस, त्यात कंस, त्यामुळे ते नीट मांडून दाखवणारं काहीतरी लागायचंच. १९७० च्या दशकात सी भाषेसाठी "इंडेंट" आलं.

पण या सगळ्यांत सेटिंग्ज होत्या, आणि सेटिंग्जवरून पुन्हा भांडणं. खरा बदल झाला तो गूगलने गो ही भाषा खुली केली तेव्हा, १० नोव्हेंबर २००९ ला. तिच्यासोबत "गोफम्ट" आलं. मांडणी एकच, पर्याय नाहीत, वाद संपला. २०१७ मध्ये जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर आणि २०१८ मध्ये पायथनसाठी ब्लॅक आलं, ते याच वाटेने. ब्लॅकचं नावच हेन्री फोर्डच्या त्या प्रसिद्ध म्हणण्यावरून आहे, की गाडी कुठल्याही रंगात मिळेल, फक्त तो रंग काळा हवा.

आणि हे चांगलंच झालं. नवीन मुलगा टीममध्ये आला की त्याला "आमच्याकडे कंस असा देतात" हे शिकवावं लागत नाही. रिव्ह्यूमध्ये लोक स्वल्पविरामावर न बोलता तर्कावर बोलतात. मी स्वतः नवीन प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी फॉरमॅटर लावतो. प्रश्न जुन्या फायलींचा आहे.

आपल्या भाषेलाही फॉरमॅटर लागला होता

ब्लेमचा तो पडदा बघून मी घरी आलो आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. तिच्याकडे जायच्या आधी थोडा मराठीचा इतिहास सांगतो. कारण मराठीत हे सगळं एकदा होऊन गेलंय.

अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर रविवारी जा, पूर्वेकडून रिक्षाने दहा मिनिटं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ दिलाय. त्या काळच्या कोरीव लेखांत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. अक्षरं सलग. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

पुढे कागदावरचा कारभार मोडी लिपीत चालला. मोडीची मांडणी तर आणखी मजेदार. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाही. इकार एकच, उकार एकच. वेगाने लिहायची लिपी होती ती. दप्तरात लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणकार, त्यामुळे अडायचं नाही.

मग छापखाना आला. विल्यम कॅरीने १८१० मध्ये मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत, पण पुढे छपाईत देवनागरी, म्हणजे बाळबोध, हीच टिकली. मेजर थॉमस कँडीने इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली. त्याआधी पोथीत एक दंड, दोन दंड, संपलं. आज आपण जे स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह टाकतो, ते आपल्या गद्यात १९ व्या शतकात बसलेलं इंडेंटेशन आहे.

तरी लेखन एकसारखं नव्हतंच. कोणी "कांहीं" लिहायचं, कोणी "काही". सावरकरांनी "इ"ऐवजी "अि", "उ"ऐवजी "अु" अशी अ ची बाराखडी सुचवली, म्हणजे खिळे कमी लागतील. "किर्लोस्कर" मासिक कित्येक वर्षं तसं छापलं जायचं. जुना अंक हातात आला तर बघा, सुरुवातीला डोळा अडखळतो. थोडक्यात, प्रत्येकाच्या एडिटरची सेटिंग वेगळी.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं. महामंडळाने लेखनाचे १४ नियम केले आणि १९६२ मध्ये राज्य सरकारने ते स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी ४ नियम जोडले. एकूण १८. शाळेत आपण ज्याला शुद्धलेखन म्हणून मार खाल्ला, ते हे. हा मराठीचा गोफम्ट. पर्याय नाहीत, वाद बंद, सगळ्यांनी असंच लिहायचं.

याचा सगळ्यात मोठा बदल म्हणजे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. "त्यानें कांहीं सांगितलें नाहीं" याचं "त्याने काही सांगितले नाही" झालं. आणि यात फायदाही होता. जुन्या पद्धतीत एका घरातही "घरांत" आणि अनेक घरांतही "घरांत". नव्या नियमाने एकवचनाला "घरात", अनेकवचनाला "घरांत", म्हणजे अनुस्वाराला नेमकं काम मिळालं. आमच्या गावाचाही नियम त्यात आहे. गावाच्या नावातला "पूर" दीर्घ. म्हणून बदलापूर. पण तिथे राहायचं झालं की "बदलापुरात", आणि तिथे पु ऱ्हस्व. रेल्वेच्या पाटीखाली उभे राहून वर्गात चुकलेले मार्क आठवतात ते यामुळेच.

पण काही गेलंही. जुन्या लेखनात "नांव" म्हणजे माणसाचं नाव आणि "नाव" म्हणजे होडी. "पांच" म्हणजे ५ आणि "पाच" म्हणजे पाचू. अनुस्वार गेला आणि दोन्ही जोड्या दिसायला सारख्या झाल्या. आपण संदर्भाने ओळखतो, अडत नाही. कोड फॉरमॅटरही असंच म्हणतो, की मी अर्थ बदलत नाही. ब्लॅक तर फॉरमॅट केल्यावर स्वतः तपासून बघतं, की आधीच्या आणि नंतरच्या कोडचा मशीनच्या दृष्टीने अर्थ तोच आहे ना. मशीनच्या दृष्टीने. सरांनी व्याजदराचा तक्ता जुळवून लिहिला होता, तो माणसाच्या डोळ्यासाठी होता. एखादा आकडा चुकला तर उभ्या रांगेत लगेच खटकावा म्हणून. मशीनला त्या मोकळ्या जागेशी काही देणंघेणं नव्हतं.

नियमातच बंद करायचं बटण

आता येतो तो नियम, ज्यासाठी मी हा भाग केला. महामंडळाच्या त्या १८ नियमांत एक नियम साधारण असं सांगतो. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य, यातले उतारे छापायचे असतील तर मुळात आहे तसे छापा. त्यानंतरचं लेखन, या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांप्रमाणे छापा.

चिपळूणकरांची "निबंधमाला" १८७४ ला सुरू झाली. म्हणजे बघा, नियम करणाऱ्यांनी काळात एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे फॉरमॅटर चालू, पलीकडे बंद. तुकारामांचा अभंग किंवा पेशव्यांचं पत्र छापताना त्याला हात लावायचा नाही, कारण ते कसं लिहिलंय हीच एक माहिती आहे. आणि रेघेच्या अलीकडचे लेखक? त्यांचे "कांहीं" आणि "नाहीं" पुढच्या आवृत्त्यांत पुसले गेले. ही रेघ नेमकी तिथेच का, यावर वाद घालता येईल. पण रेघ हवी, हे त्या मंडळींना १०० टक्के कळलं होतं. आम्ही आमच्या रेपॉझिटरीत रेघ मारलीच नव्हती.

दुसरा नियम मघाशी म्हटला तो. गोष्टी-कादंबऱ्यांत पात्राच्या तोंडी बोलणं असेल तर "असं केलं, मी म्हटलं" असं लिहायला मुभा, एरवी "असे केले, मी म्हटले". म्हणजे एकाच फाईलमध्ये काही ओळींपुरता फॉरमॅटर बंद. प्रेटियरमध्ये तुम्ही तक्त्याच्या वर "प्रेटियर इग्नोर" अशी टिप्पणी टाकता, ब्लॅकमध्ये "एफएमटी ऑफ" आणि "एफएमटी ऑन", अगदी तेच. आमचे हे सगळे भाग त्या मुभेत बसतात, म्हणून मी निर्धास्त बोलतो.

एक गंमत. राज्य सरकारने मराठीच्या देवनागरी वर्णमालेचा शासन निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ ला. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा, तो तसाच असावा हे त्यात आलं. आणि चारच दिवसांनी गोफम्टवाली गो भाषा जगाला दिसली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ल ची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच. वळण फाँट ठरवतो. साठवलेला मजकूर एक, दिसणं वेगळं. मजकुराला हात न लावता मांडणी बदलणं शक्य असतं, इतकंच मला यातून घ्यायचं होतं.

उल्हासनगरची आजी

माझ्या टीममधला एक मित्र उल्हासनगरचा, कॅम्प ४ मध्ये राहतो. सिंधी घर. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये गावाला उल्हास नदीवरून नाव मिळालं.

त्याची आजी सिंधी लिहायची ती अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. ही ५२ अक्षरांची लिपी ब्रिटिशांनी १८५३ मध्ये सिंधमध्ये पक्की केली. भारतात आल्यावर प्रश्न उभा राहिला, की इथे सिंधी कुठल्या लिपीत शिकवायची? देवनागरीवाले म्हणाले, मुलांना इथे जगायचंय, इथली लिपी हवी. अरबीवाले म्हणाले, मग आपलं आजवरचं साहित्य कोण वाचणार? वाद इतका चालला की शेवटी दोन्ही लिपी मान्य झाल्या. १० एप्रिल १९६७ ला सिंधी आठव्या अनुसूचीत आली. देवनागरीत सिंधीचे खास आत ओढलेले आवाज दाखवायला ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देतात, आणि ती अक्षरं आज युनिकोडमध्ये आहेत.

पण घरात काय झालं? आजीने वहीत लिहिलेल्या पाककृती आणि कोणाला किती पैसे दिले त्याचे हिशेब अरबी लिपीत. बाबा देवनागरी वाचतात. मित्र व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये टाइप करतो. तो म्हणाला, "वही आहे रे अजून, पण घरात कोणालाच लागत नाही." दोन्ही लिपी मान्य करून सरकारने कोणाचीच फाईल बदलली नाही, हे बरोबरच. पण ती उघडणारा माणूस घरात उरला नाही.

शाळेचं रजिस्टर

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या चुलतबहिणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र बाकी होतं. आम्ही कुणबी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्याकडे सगळ्यात जुना कागद म्हणजे पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल. बदलापूरजवळच्या खेड्यातली शाळा, आणि रजिस्टर मोडीत. १९५० च्या दशकात मोडी शाळांतून गेली, त्यामुळे घरात ती वाचणारे शेवटचे आजोबा, आणि आजोबा नाहीत. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधायची मोहीम राज्यभर निघाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. आम्हीही एका मोडी जाणकार काकांकडे गेलो, कल्याणला.

काकांनी कागद भिंगाखाली धरला आणि लिहायला लागले. एक ओळ मोडीची, तिच्याखाली देवनागरी. काकू मध्येच म्हणाली, "अहो, यांचं नाव पांडू होतं. तुम्ही पाडु लिहिलंय. अनुस्वार द्या ना, आणि डू दीर्घ."

काका म्हणाले, "ताई, कागदात आहे तेच मी लिहिणार. इथे टिंब नाही. मी शुद्ध करून दिलं आणि उद्या समितीने मूळ कागद शेजारी ठेवला, तर तुमचाच पुरावा खोटा पडेल."

मग त्यांनी दुसरा कागद घेतला. त्यावर सगळं आजच्या मराठीत, शब्द तोडून, विरामचिन्हं घालून. खाली एक टीप, की मूळ नोंदीतला "पाडु" म्हणजे आजच्या कागदपत्रांतला "पांडू". दोन कागद, वेगवेगळे. एकावर मूळ जसंच्या तसं, दुसऱ्यावर वाचायला सोपं. "दोन्ही एकत्र करायचे नाहीत," ते म्हणाले. "एकत्र केले की मूळ कुठलं आणि माझं कुठलं ते कळत नाही."

मी तिथेच बसल्या जागी गप्प झालो. कारण मी दोन्ही एकत्र केले होते. एका ओळीची दुरुस्ती आणि तीन हजार ओळींची सफाई, एकाच कमिटमध्ये.

बहिणीचं प्रमाणपत्र वेळेत मिळालं. पाडु आणि पांडू दोघेही फाईलला लावले होते.

मग आम्ही काय केलं

सोमवारी ऑफिसला जाऊन मी आधी माझा गोंधळ सांगितला. मग आम्ही बसून हे केलं. तुमच्या टीममध्ये उपयोगी पडेल म्हणून नीट सांगतो.

पहिलं, बंद करणं. व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये "फॉरमॅट ऑन सेव्ह" शोधा आणि खूण काढा. मुळात ती बंदच असते. आपण किंवा प्रोजेक्टने चालू केलेली असते. प्रोजेक्टच्या "डॉट व्हीएसकोड" फोल्डरमधली सेटिंग्जची फाईल तुमच्या वैयक्तिक सेटिंगवर मात करते, त्यामुळे बंद करूनही फॉरमॅट होत असेल तर तिथे बघा. "फॉरमॅट ऑन पेस्ट" आणि "फॉरमॅट ऑन टाइप" हे वेगळे, तेही तपासा. एकाच भाषेपुरतं बंद करता येतं. आणि एकदाच बंद हवं असेल तर कमांड पॅलेटमध्ये "सेव्ह विदाउट फॉरमॅटिंग" आहे.

दुसरं, मधला रस्ता. "फॉरमॅट ऑन सेव्ह मोड" ला "मॉडिफिकेशन्स" निवडा, म्हणजे फक्त तुम्ही बदललेल्या ओळी फॉरमॅट होतील. फॉरमॅटरला फाईलचा तुकडा फॉरमॅट करता येत असेल तरच हे चालतं, म्हणून आधी करून बघा.

तिसरं, काकांचे दोन कागद. जुनी फाईल फॉरमॅट करायचीच असेल तर जरूर करा, पण वेगळ्या कमिटमध्ये, ज्यात दुसरा एकही बदल नाही. मग त्या कमिटचा क्रमांक एका फाईलमध्ये लिहून ठेवा आणि ब्लेमला सांगा, की हा कमिट मोजू नकोस. ही सोय गिटमध्ये २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. नुसत्या मोकळ्या जागांचा फरक असेल तर ब्लेमला "डब्ल्यू" हा पर्यायही पुरतो. आमच्याकडे कोटही बदलले होते, म्हणून तो पुरला नाही.

चौथं, हाताने जुळवलेले तक्ते. त्यांच्यावर इग्नोरची टिप्पणी, आणि शेजारी एक वाक्य, की हे का जुळवलंय.

माझा कमिट तर मिसळलेला होता, तरी तो वगळून ब्लेम चालवलं. तुटलेल्या ओळींत गिट अंदाजच करतं, काही ओळी तरीही माझ्याच नावावर राहिल्या. पण व्याजाची ती ओळ सापडली. सरांचं नाव, सात वर्षांपूर्वीची तारीख, आणि रोमन लिपीत लिहिलेली मराठी नोंद. तिचा मजकूर असा: ऑडिट मीटिंगमध्ये ठरलंय, व्याज दर महिन्याला पूर्ण रुपयात, संस्थेच्या पोटनियमात तसंच आहे, वर्षाअखेर करू नये, मला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता सरांना विचारता येत नाही. पण ते विचारायची गरजच पडली नाही, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही संस्थेला पोटनियम बघायला सांगितला. तो होता. फोन करणारे गृहस्थ तिथे नवीन होते. मी जर तो "बग" दुरुस्त केला असता तर प्रत्येक खातेदाराचं व्याज चुकलं असतं, आणि ब्लेममध्ये पुन्हा माझंच नाव आलं असतं. या वेळी बरोबर आलं असतं.

सरांच्या त्या फायली आम्ही आता फॉरमॅटरच्या यादीतून वगळल्यात. नवीन कोड सगळा फॉरमॅट होतो, जुना जसाच्या तसा. रेघेची तारीख सेटिंगच्या फाईलमध्ये लिहून ठेवलीय आणि त्याखाली एका वाक्यात कारण.

तर मंडळी, पुढचं सेव्ह करायच्या आधी एकदा बघा, की फाईल तुमची आहे की कोणाची तरी आहे. आणि घरात मोडी किंवा अरबी-सिंधीतला एखादा कागद पडला असेल, तर तो वाचणारा माणूस आहे तोवर वाचून घ्या. दोन कागदांवर.

भेटू पुढच्या भागात. बदलापूर लोकलमध्ये ऐकत असाल तर अंबरनाथ गेलंय, उतरायच्या तयारीला लागा.